सुश्रुतांनी मोतीबिंदू 'काढला' नव्हता

'अडीच हजार वर्षांपूर्वी सुश्रुत आजच्यासारखंच मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचे' हा फॉरवर्ड दर काही महिन्यांनी फिरतोच. अर्धा खरा आहे म्हणून जास्त घोळ होतो.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात (म्हणजे ग्रंथाच्या शेवटच्या भागात) ही शस्त्रक्रिया आहे, आणि बारकावे खरंच भारी आहेत. जवाच्या टोकासारखी शलाका (सुईसारखं हत्यार), रोग्याने नाकाकडे बघायचं, उजवा डोळा असेल तर वैद्याने डावा हात वापरायचा, नंतर तूप लावून पट्टी आणि शिंकणं-खोकणंसुद्धा बंद! पण या पद्धतीत गढूळ झालेलं भिंग डोळ्याबाहेर काढत नाहीत, सुईने नजरेच्या वाटेतून बाजूला ढकलतात, ते आतच पडून राहतं. उजेड दिसतो, माणसं ओळखू येतात, पण भिंगच जागेवर नाही म्हटल्यावर सगळं धूसर, आणि तेव्हा जाड चष्मे कुठले. वर पू होणं, काचबिंदू हे धोके होतेच.

आणि हे फक्त भारतात नाही, युरोपातही शेकडो वर्षं हेच चालायचं. संगीतकार बाखवर १७५० मध्ये जॉन टेलर नावाच्या फिरत्या डॉक्टरने लायपझिगला असंच ऑपरेशन केलं, तेही दोनदा, दृष्टी गेली आणि काही महिन्यांत बाखही गेला (टेलर मात्र स्वतःची जाहिरात करत पुढच्या गावाला!).

भिंग बाहेर काढायची पद्धत फ्रान्सच्या जाक दाव्हिएलची, १७४७ ची. कृत्रिम भिंग बसवणं त्याहून नंतरचं, लंडनमध्ये हॅरल्ड रिडली, १९४९.