यांत्रिक बेरीजयंत्र

आकड्यांच्या लांबलचक रकान्यांची बेरीज दात्यांच्या चक्रांनी करणारे मेजावरचे यंत्र. ब्लेझ पास्कालने १६४२ मध्ये करवसुलीच्या कामात असलेल्या वडिलांसाठी असे यंत्र बनवायला घेतले खरे, पण बँका आणि पेढ्यांत ते रुळले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. शिकागोच्या डॉर फेल्टचा कॉम्प्टोमीटर कळ दाबताक्षणी बेरीज करी; वेगाला तोड नव्हती, मात्र कोणते आकडे दाबले याचा मागमूस राहत नसे. पूर्वी बँकेत कारकून असलेल्या विल्यम बरोजने (पेटंट १८८८) प्रत्येक रक्कम कागदावर छापणारे यंत्र आणले.

बरोजच्या यंत्रात एकक, दशक, शतक अशा प्रत्येक स्थानाला १ ते ९ कळांची उभी ओळ असे. शून्याला कळच नाही. ४०५ साठी शतकाचा ४ आणि एककाचा ५ दाबायचा, मधले शून्य यंत्र स्वतः छापी. दाबलेल्या कळा खालीच राहत, त्यामुळे बेरीज करवणारा बाजूचा दांडा ओढण्याआधी चूक सुधारता येई. एक चक्र ९ वरून ० वर गेले की हातचा शेजारच्या चक्रावर चढे. सुरुवातीच्या नमुन्यांत दांडा हिसक्याने ओढला तर बेरीज चुके. तेल भरलेल्या दट्ट्याने ती खोड गेली.

१९६१ मध्ये ॲनिटा हे मेजावरचे इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र आले, १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क हा संगणकावरचा स्प्रेडशीट, म्हणजे आकड्यांच्या तक्त्याचा प्रोग्राम. एक आकडा बदलला की खालची बेरीज आपोआप बदलू लागली आणि जुन्या यंत्रांची गरज संपली. बरोजची कंपनीही संगणकांकडे वळली होती. १९८६ मध्ये स्पेरी या दुसऱ्या संगणक कंपनीबरोबर विलीन होऊन ती युनिसिस झाली.

तरी एका बाबतीत जुने यंत्रच सरस म्हणावे लागेल. बेरीज जुळली नाही की कागदी पट्टी वहीशेजारी धरून एकेका रकमेवर टिकमार्क करत चूक हुडकता येई. स्प्रेडशीटमध्ये एखादा आकडा मजकूर म्हणून साठवला गेला असेल, तर बेरजेचे सूत्र तो गुपचूप वगळते आणि उत्तर मात्र ऐटीत दाखवते. म्हणूनच काही गणक-ॲपमध्ये पडद्यावर तशीच पट्टी दिसते, शिवाय आधीची रक्कम तिथल्या तिथे दुरुस्त करता येते. कीबोर्डच्या उजवीकडची ७-८-९ वर असलेली मांडणीही बेरीजयंत्राचीच, १९१४ च्या संडस्ट्रँड यंत्रातली. फोनवर ती नेमकी उलटी असते.