दहशतवादी हल्ल्यातल्या पीडित कुटुंबांना सरकारी मदत: अर्ज कुठे करायचा आणि तो कुठे अडकतो

टीव्हीवर जाहीर झालेला आकडा म्हणजेच सगळी मदत, हे आधी डोक्यातून काढून टाका. हल्ला झाला की दोन दिवसांत घोषणा होते, कोणीतरी मंत्री घरी येऊन चेक देतो, फोटो निघतो, आणि घरच्यांना वाटतं की झालं, आता मागायचं काही राहिलं नाही. पण तो चेक म्हणजे सानुग्रह अनुदान, सरकारच्या मर्जीवरचं. त्याशिवाय केंद्राची वेगळी योजना आहे, रेल्वेत घडलं असेल तर रेल्वेची भरपाई आहे, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेही (कायदेशीर मदत आणि पीडितांची भरपाई बघणारी सरकारी संस्था) अर्ज करता येतो. सगळ्यांची ऑफिसं वेगळी, आणि एका टेबलावरचा माणूस दुसऱ्या टेबलाचं स्वतःहून सांगेल ही आशा ठेवू नका.

केंद्राची योजना गृह मंत्रालयाची आहे, १ एप्रिल २००८ पासून लागू. आधी ३ लाख होते, २०१६ मध्ये ५ लाख केले. मृत्यू झाला असेल किंवा ५० टक्के आणि त्यावर कायमचं अपंगत्व आलं असेल तर मिळते. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात, छाननी जिल्हास्तरीय समिती करते. राज्याकडून आधी मदत मिळालीय म्हणून ही नाकारता येत नाही, तशाच स्वरूपाची केंद्राची दुसरी योजना लागू असेल तरच अडचण येते. आणि एक अट लोकांना शेवटपर्यंत कळत नाही: घरातल्या कुणाला या घटनेमुळे सरकारी नोकरी दिली असेल तर ही मदत मिळत नाही, असं मूळ नियमांतच आहे. त्यामुळे नोकरीचं फक्त आश्वासन मिळालं असेल तर अर्जात "नोकरी मिळाली" असं चुकूनही लिहू नका, ऑर्डर हातात येईपर्यंत ती मिळालेली नसते.

अपंगत्वाच्या टक्क्यांवर खूप अर्ज पडतात. दिव्यांगांच्या बाकी सवलतींना ४० टक्के पुरतात, म्हणून लोकं ४५ टक्क्यांचं सर्टिफिकेट घेऊन निर्धास्त असतात, पण इथे ५० पाहिजेत आणि तेही कायमचं. सर्टिफिकेटवर "तात्पुरते" लिहिलं असेल तर आधी पुन्हा तपासणी करून घ्या. स्फोटात कानाचे पडदे गेलेले असतात आणि मेडिकल बोर्डासमोर फक्त पायाची जखम दाखवली जाते असंही होतं, सगळ्या इजा एकत्र मोजून घ्या.

आता नावाचा घोळ. स्फोटात एफआयआर बहुतेक एकच असतो आणि त्यात तुमच्या माणसाचं नाव असेलच असं नाही. हॉस्पिटलच्या पहिल्या यादीत "अनोळखी पुरुष, वय अंदाजे ३५" एवढंच असतं, ओळख नंतर पटते, पण पहिल्या कागदावर तसंच राहतं, आणि क्लार्क नेमका तोच कागद समोर धरून विचारतो की यात नाव कुठंय. म्हणून पोलीस स्टेशनमधून मृतांची अंतिम यादी, मृतदेह ताब्यात दिल्याची नोंद आणि पोस्टमॉर्टम रिपोर्ट घ्या, तिन्हींवर नाव आधारप्रमाणे आहे का ते तिथेच उभं राहून वाचा. मृत्यूचा दाखला जिथे मृत्यू झाला तिथलाच मिळतो, गावच्या ग्रामपंचायतीत हेलपाटे मारू नका. वारसांमध्ये पती किंवा पत्नीला आधी धरतात, त्यावरून सासर-माहेर वाद सुरू झाला की फाईल थांबलीच म्हणून समजा.

रेल्वेचं वेगळं. रेल्वे कायद्याच्या कलम १२४अ खाली गाडीत किंवा स्टेशनच्या हद्दीत दहशतवादी कृत्यात मृत्यू झाला तर रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे जायचं, १ जानेवारी २०१७ पासून रक्कम ८ लाख आहे. प्लॅटफॉर्म तिकीटवालाही प्रवासीच धरतात. मुदत एक वर्ष, आणि लोकं ती पोलीस तपास संपल्यापासून मोजतात, ती घटनेपासून असते. उशीर झालाच तर कारण देऊन माफी मागता येते, पण तो भरवशाचा मार्ग नाही. तिकीट नाही म्हणून दावा सोडून देणारे बरेच आहेत. अरे, स्फोटात खिशातलं तिकीट कोण सांभाळणार? सुप्रीम कोर्टाने २०१८ च्या रीना देवी प्रकरणात सांगितलंय की नुसतं तिकीट सापडलं नाही म्हणून दावा फेटाळता येत नाही, सुरुवातीला प्रतिज्ञापत्र चालतं. पास असेल तर पासाची नोंद शोधा, रोजच्या ऑफिसच्या हजेरीचाही आधार होतो.

"केसमधले आरोपी सुटले, आता पैसे परत द्यायचे का?" हे खूप जण घाबरून विचारतात. नाही. भरपाई शिक्षेवर अवलंबून नाही, उलट गुन्हेगार सापडलाच नाही तरी विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (सीआरपीसी) कलम ३५७अ मध्ये होतं आणि आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे.

आता न्याय्य आहे का हे सगळं? एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर महाराष्ट्र सरकारने राज्यातल्या सहा कुटुंबांना प्रत्येकी ५० लाख आठवडाभरात जाहीर केले, नोकरीही, आणि ते योग्यच होतं. पण २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटातल्या सहा मृतांच्या घरच्यांना प्रत्येकी २ लाख द्या असं कोर्टाला जुलै २०२५ मध्ये, आरोपींना सोडताना सांगावं लागलं. दोन्हीकडे माणूसच गेला ना? सानुग्रह रकमेला ठरलेला तक्ताच नाही, म्हणून बातमी किती मोठी त्यावर आकडा ठरतो, आणि ज्यांची बातमी छोटी त्यांच्या हातात केंद्राच्या ५ लाखांशिवाय ठोस काही नसतं. म्हणून तो अर्ज तरी सोडू नका.

ते ५ लाखही लगेच हातात येत नाहीत, तीन वर्षं फिक्स डिपॉझिटमध्ये राहतात आणि व्याज दर तिमाहीला खात्यात येतं. या रकमेवर विसंबून कुणाला उधारीचा शब्द देऊ नका. मुलांच्या शिक्षणासाठी राष्ट्रीय सांप्रदायिक सद्भावना प्रतिष्ठानची (गृह मंत्रालयाखालची संस्था) वेगळी मदत असते, तीही जिल्हाधिकारी कार्यालयातच विचारा.

नकार तोंडी आला तर घेऊ नका, कारणासकट लेखी मागा. देत नसतील तर माहिती अधिकारात फाईलवरचे शेरे मागवा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि ते हातात आले की विधी सेवा प्राधिकरणात फुकट वकील मिळतो, अर्जदार बाई किंवा लहान मूल असेल तर उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही.