पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या उद्योगभेटी (सांगली व सातारा जिल्हे)

पदव्युत्तर वर्गांतील व संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांनी नोकरी-व्यवसायाच्या वाटा पारखण्यासाठी कारखाने, बाजार समित्या, बँका, प्रयोगशाळा यांना दिलेल्या भेटी आणि त्या निमित्ताने तिथल्या माणसांशी काढलेल्या ओळखी. महाविद्यालयांत यांना ‘इंडस्ट्रियल व्हिजिट’ किंवा नुसते ‘आयव्ही’ म्हणतात. पदवीच्या वर्गाची भेट बहुधा यंत्रे पाहण्यासाठी असते. पदव्युत्तर विद्यार्थ्याला यंत्रापेक्षा ते चालवणाऱ्या, तपासणाऱ्या, विकणाऱ्या माणसाशी काम असते: हा काय शिकला, इथवर कसा आला, त्याचा दिवस कसा जातो आणि पाच वर्षांनी तो कुठे असेल.

दोन्ही जिल्ह्यांतील बहुतेक महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या (स्थापना १९६२) कक्षेत येतात. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ चे, वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ चे, तर कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचे जाळे असून कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेमुळे शिकताना काम करण्यात इथे कुणाला कमीपणा वाटत नाही. तरीही अभियांत्रिकी आणि एम.बी.ए. सोडले तर प्लेसमेंटची व्यवस्था बहुतेक ठिकाणी नावापुरती असते. एम.एस्सी., एम.ए., एम.कॉम. करणाऱ्यांना डोळ्यांसमोर दोनच रस्ते दिसतात. एक, सेट-नेट काढून प्राध्यापकी, जिची सुरुवात बऱ्याचदा तासिका तत्त्वावर होते आणि तिथेच अनेकांची वर्षे जातात. दुसरा, एमपीएससी आणि अभ्यासिकेतली खुर्ची. शेजारच्या तालुक्यात आपल्याच विषयाचे काम चालते, हे पुष्कळांना पदवी हातात पडल्यावर कळते. उद्योगभेटींचे खरे महत्त्व या पार्श्वभूमीवर आहे.

भेटींचे वेळापत्रक इथे परीक्षांइतकेच पिकांवर ठरते. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारण दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. जुलैत गेलेल्या वर्गाला बंद गव्हाण (ऊस गाळपाला टाकण्याची जागा) आणि दुरुस्तीला उघडलेली यंत्रे पाहून परतावे लागते. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी कारखान्याची प्रयोगशाळा ही हंगामातली सर्वांत बोलकी जागा. रसाचा ब्रिक्स (विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण) आणि पोल (त्यातील साखरेचे प्रमाण) दर पाळीत मोजला जातो, त्यावरून उतारा, म्हणजे उसामागे मिळणाऱ्या साखरेची टक्केवारी, निघतो, आणि उताऱ्यावर उसाच्या दराचे राजकारण उभे राहते. तिथला केमिस्ट म्हणजे केवळ नळ्या हलवणारा माणूस नव्हे, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पटत नाही. आसवनी (डिस्टिलरी), इथेनॉल, सहवीजनिर्मिती, सांडपाणी प्रक्रिया असे आणखी विभाग असतात. शेतकी खात्यात कृषी आणि वनस्पतिशास्त्राच्या पदवीधरांना जागा असते. साखर तंत्रज्ञानात पुढे शिकायचे झाल्यास पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. कारखान्यात विचारायचा पहिला प्रश्न मात्र तांत्रिक नाही: जागा कायम की हंगामी? हंगामी कामगाराला हंगाम संपल्यावर पूर्ण पगार मिळत नाही. हा फरक माहितीपत्रकात सापडत नाही, पाळी संपवून चहा पिणारा माणूस तो दोन वाक्यांत सांगतो.

सांगलीचे मार्केट यार्ड वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या वर्गांसाठी तितकेच मोलाचे. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळाले. हळदीचे सौदे फेब्रुवारीपासून जोर धरतात. अडत्या, खरेदीदार, तोलाईदार आणि हमाल या साखळीत पैसा कुठे थांबतो आणि कुठे फिरतो, हे एका सकाळीत दिसते. हळदीचे वायदेही (पुढच्या तारखेच्या मालाचे आगाऊ सौदे) होतात, त्यामुळे यार्डातला भाव आणि पडद्यावरचा भाव यांच्यातली तफावत हा प्रबंधाचा तयार विषय ठरतो. शीतगृहे, प्रतवारी, निर्यातीची कागदपत्रे, मसाल्यातील भेसळ व कीटकनाशकांचे अंश तपासणाऱ्या प्रयोगशाळा यांतली कामे बाहेरून दिसत नाहीत. हरिपूरची पेवेही अनेक वर्ग पाहून येतात. जमिनीखाली हळद साठवण्याची ही पद्धत आता पूर्वीसारखी उरलेली नाही आणि नोकरीच्या दृष्टीने तिचा उपयोग नाही, पण ती न पाहता सांगली सोडणे बरे नव्हे.

पलूस तालुक्यातील किर्लोस्करवाडी हे या भागातले भेटीचे सर्वांत जुने ठिकाण मानता येईल. औंध संस्थानाच्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कारखाना आणि वसाहत एकत्रच उभारली. लोखंडी नांगरापासून पंपांपर्यंतचा हा प्रवास इतका सांगितला गेला आहे की विद्यार्थी भारावून जातात आणि आजच्या ओतशाळेत, डिझाइन विभागात किंवा पंपांच्या चाचणी केंद्रात आपल्याजोगते काय आहे हे विचारायचे राहून जाते. त्यापासून जवळच भिलवडीला चितळ्यांची डेअरी आहे; सूक्ष्मजीवशास्त्र व अन्नतंत्रज्ञानाच्या वर्गांसाठी ती अधिक कामाची.

सातारा जिल्ह्यातील ठिकाणे विखुरलेली आहेत. सातारा शहरात उद्योजक धनजीशहा कूपर यांच्या काळापासूनची अभियांत्रिकी परंपरा आहे. खंडाळा-शिरवळ पट्ट्यात महामार्गालगत मोठ्या कंपन्यांचे कारखाने आले, फलटणला इंजिननिर्मिती आली. फलटणचीच निंबकर कृषी संशोधन संस्था (१९६८) संशोधक विद्यार्थ्यांना विद्यापीठाबाहेरही संशोधन होते याचा दाखला देते. म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ मध्ये सुरू झाली. सह्या करता न येणाऱ्या बायकांचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला होता आणि नंतर परवाना मिळाला, ही हकीकत समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनी तिथेच ऐकावी. मराठीच्या एम.ए.चे वर्ग सहसा कुठेच जात नाहीत. त्यांच्यासाठी वाई आहे: मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली तिथे उभे राहिले, पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. नोंदींचे संपादन, परिभाषा ठरवणे, मुद्रितशोधन ही पोटापाण्याची कामे असू शकतात, हे भाषेच्या विद्यार्थ्याला कुणी सांगत नाही.

पुण्याची भेट हा वेगळा प्रकार. साताऱ्याहून पुणे सुमारे ११० किलोमीटर, म्हणजे एका दिवसाचे काम. सांगली महामार्गापासून आत असल्याने पेठ नाक्यापर्यंतच तास जातो. पहाटे निघालेली गाडी मध्यरात्री परतते. एसटी प्रासंगिक करारावर घ्यायची की खासगी, मुलींच्या घरच्यांची संमतिपत्रे, सोबत कोण मॅडम येणार, यांतच प्राध्यापकाचा आठवडा जातो. हिंजवडी किंवा चाकणला गेट पास मिळवून देणारा बहुधा माजी विद्यार्थीच असतो. दुपारचे सादरीकरण कंपनीच्या संकेतस्थळावर असते तेच. त्यापेक्षा जेवणाच्या सुट्टीत भेटलेला कवठेमहांकाळचा किंवा कोरेगावचा सीनियर जास्त देऊन जातो. ‘पाव्हणं, गाव कंचं?’ एवढ्यावर पश्चिम महाराष्ट्रात अर्धी ओळख होते; उरलेल्या अर्धीसाठी आपला विषय दोन मिनिटांत मराठीत आणि इंग्रजीत सांगता यायला हवा, आणि तिथेच बरेचजण अडखळतात.

अशा ओळखींकडे संशयाने पाहिले जाते. सहकारी संस्थांत नोकरी वशिल्याने लागते, असा समज जुना आहे आणि तो निराधार नाही. त्यामुळे प्रामाणिक विद्यार्थी कुणाचा नंबर मागायलाही संकोचतो. पण जागा मागणे आणि माहिती मागणे यांत अंतर आहे. ‘माझं काम करा’ म्हणणाऱ्याला माणसे टाळतात. ‘तुमचं काम कसं चालतं’ विचारणाऱ्याला तासभर सांगत बसतात. नावे टिपून ठेवणे, आठवड्याभरात आभाराचा निरोप पाठवणे, दिवाळीला एक संदेश करणे एवढे झाले तरी ओळख टिकते. प्रत्यक्षात चाळीस जणांच्या गटात हे करणारे दोघे-तिघेच निघतात. बाकीच्यांच्या मोबाइलमध्ये गेटसमोरचा गटाचा फोटो असतो, आणि विभागाला मूल्यांकनाच्या फायलीत लावायला तोच लागतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२३–२४ पासून राज्यातील पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात कार्यप्रशिक्षणाला किंवा क्षेत्रीय प्रकल्पाला चार श्रेयांक (क्रेडिट) आले. त्यामुळे भेटीचे स्वरूप बदलू लागले आहे. आता विभागाला एका दिवसाच्या परवानगीऐवजी काही आठवड्यांसाठी मुले ठेवून घेणारी जागा शोधावी लागते. कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतला छोटा कारखानदार अख्खा वर्ग आत घेऊ शकत नाही, पण दोन मुलांना टेबल देऊ शकतो. मोठ्या कंपनीच्या गेटवर थांबण्यापेक्षा अशा शेडमध्ये विद्यार्थी खरेदी, उत्पादन, जीएसटी आणि वसुली हे सगळे एकाच मालकाच्या तोंडून ऐकतो, आणि बऱ्याचदा वसुलीचा फोनही विद्यार्थ्यालाच करायला लावतात.