पत्र पोहोचते की नुसती हाक? चेतापेशीतल्या संदेशामागची गोष्ट

पायाच्या बोटांतल्या संवेदना कण्यापर्यंत नेणाऱ्या काही चेतापेशींचा तंतू जवळपास १ मीटर लांब असतो. वाढ-घटक, म्हणजे चेतापेशीला जगवणारे प्रथिन, भेटतो तंतूच्या टोकाला, पण जगायचे की मरायचे याचा निकाल लागतो पार दुसरीकडच्या, पेशीच्या केंद्रकात. मधले अंतर तुटते कसे?

हा प्रश्न पडायला आधी वाढ-घटक सापडावा लागला. १९५२ मध्ये चेतावैज्ञानिक रिता लेव्ही-मोंताल्चिनी रिओ दी जानेरोला गेल्या. तिथे त्यांनी उंदराच्या कर्करोगाच्या गाठीचे तुकडे कोंबडीच्या भ्रूणातील चेतागुच्छांशेजारी (चेतापेशींच्या पुंजक्यांशेजारी) वाढवले आणि गुच्छाभोवती तंतूंची प्रभावळ उमटली. पुढे अमेरिकेतल्या सेंट लुईसला जीवरसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ले कोहेन यांनी गाठीतला तो पदार्थ वेगळा काढायला घेतला. न्यूक्लिक आम्ले तोडण्यासाठी त्यात सापाचे विष घातले, तर परिणाम उलट वाढला. विषातच तो घटक गाठीपेक्षा कितीतरी जास्त होता! दोघांना १९८६ चे नोबेल मिळाले.

प्रवासाचा पहिला ठोस पुरावा १९७४ चा. प्राण्याच्या डोळ्यात टोचलेला किरणोत्सारी वाढ-घटक काही तासांनी त्याच बाजूच्या मानेतल्या चेतागुच्छात सापडला. नुसत्या विसरणाने एवढे अंतर कापणे अशक्यच. म्हणजे टोकाकडून पेशीकडे वाहतूक होती. तिचा हमाल, डायनिन हे मोटर-प्रथिन, १९८० च्या दशकात ओळखला गेला. १९७७ मध्ये रॉबर्ट कॅम्पेनॉट यांनी तंतूंची टोके आणि पेशी वेगळ्या ठेवणारी कप्प्यांची बशी वापरून दाखवले, की घटक फक्त टोकांना दिला तरी पेशी जगते.

१९९१ मध्ये ट्रक-ए हा रिसेप्टर (वाढ-घटकाला पकडणारे पेशीपटलावरचे प्रथिन) हाती लागला आणि चित्र जुळू लागले. घटक रिसेप्टरला चिकटतो, पेशीपटलाची पुटकुळी दोघांना आत ओढते आणि डायनिन ती केंद्रकाकडे नेतो. वाटेतही रिसेप्टर चालूच राहतो, म्हणून तिला ‘संदेशवाहक एंडोसोम’ म्हणतात.

२००२ मध्ये मात्र खोडा पडला. कॅम्पेनॉट यांच्याच प्रयोगशाळेत वाढ-घटक आत जाऊ नये म्हणून मण्यांना चिकटवला, तरी पेशी जगल्या. मग पत्र, म्हणजे खुद्द घटक, जाते की नुसती हाक, म्हणजे घटकाविना संदेश? मला पारडे पत्राकडेच झुकलेले वाटते. २००७ मध्ये क्वांटम डॉटची (चमकणाऱ्या अतिसूक्ष्म कणाची) खूण लावून या पुटकुळ्या एकेक करून पाहिल्या, तेव्हा बऱ्याच पुटकुळ्यांत वाढ-घटकाच्या रेणूंची एकच जोडी होती. थांबत, अडखळत, पण केंद्रकाच्याच दिशेने. मण्यांवरच्या पेशी का जगल्या, याचा वाद मात्र मिटलेला नाही.