पोहता येतं म्हणून जॅकेट नको? एकदा हिशोब करून बघा

२०२३ च्या २३ सप्टेंबरला पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी लोकांच्या घरात शिरली, तेव्हापासून नागपुरात पाण्याकाठच्या बांधकामांवर चर्चा काही थांबली नाही. सांडवा किती रुंद हवा, भिंत किती उंच हवी, पाळ किती मजबूत. सगळं बरोबरच आहे, पण त्या भिंतीच्या कडेवर उभा राहून जो पोरगा सळई बांधतो तो पाण्यात पडला तर काय, हे कोणी विचारत नाही, आणि विचारलं तर कुठल्याही मुकादमाचं उत्तर जवळपास तेच असतं, "आमचे पोट्टे नदीकाठचे आहेत, पट्टीचे पोहतात, त्यायले काय होते." अगदी मनापासून म्हणतात. आणि अंगात तर जॅकेट दिसतंच, भगव्या रंगाचं, चमकणाऱ्या पट्ट्यांचं. पण राजेहो, ते ट्रकवाल्याला माणूस दिसावा म्हणून असतं, पाण्यात त्याचा काडीचा उपयोग नाही, तिथे लागतं ते तरंगवणारं लाइफ जॅकेट.

पोहता येणारा माणूस साईटवरून पडला की का बुडतो, यामागचं विज्ञान शाळेतलंच आहे. आर्किमिडीज. वस्तू जितकं पाणी बाजूला सारते, तितक्या पाण्याच्या वजनाएवढी तिला वर ढकलणारी ताकद मिळते, आणि १ लिटर पाणी म्हणजे १ किलो. आता एक ६० किलोचा कामगार घ्या, कष्टाचं शरीर, अंगावर चरबी जवळपास नाहीच. त्याच्या हाडामांसाचा आकार भरतो साधारण ५६ लिटर. म्हणजे छातीत हवाच नसती तर तो ४ किलोनं जड पडला असता. त्याला तरंगवते ती फक्त फुफ्फुसातली हवा. छाती भरून श्वास घेतला की साधारण साडेपाच लिटर हवा आत, एकूण आकार साडेएकसष्ट लिटर, म्हणजे दीड किलो वर उचलणारी ताकद शिल्लक. आणि नेहमीसारखा श्वास सोडला की आत उरतात अडीच लिटर, एकूण साडेअठ्ठावन्न, म्हणजे उलट दीड किलोनं जड. म्हणजे आपण तरंगणार का बुडणार हे एका श्वासावर ठरतं!! (आकडे माणसागणिक थोडे इकडेतिकडे होतील, अंगात चरबी जास्त तर तो जास्त तरंगेल, पण आपल्याकडचा बिगारी किंवा सेंट्रिंगवाला किती काटक असतो ते सगळ्यांना माहीत आहे.)

आता याच्या कमरेला पट्टा बांधा. हातोडा, पाना, पक्कड, खिळे, धरा ४ किलो लोखंड. लोखंड पाण्यापेक्षा जवळपास आठपट घन, त्यामुळे पाण्यात त्याचं वजन जेमतेम अर्धा किलोनं कमी होतं, साडेतीन किलो राहतंच. वर दीड, खाली साडेतीन. पूर्ण श्वास रोखून धरला तरी माणूस २ किलोनं बुडतोय, आणि श्वास सुटला की ५ किलोनं.

आणि खरी गंमतीची, म्हंजे खरं तर भयंकर गोष्ट पुढे आहे. हवा दाबली जाते, पाणी नाही. दर १० मीटर खोलीला एका वातावरणाएवढा दाब वाढतो, तर ३ मीटरवर दाब ३० टक्क्यांनी वाढलेला असतो आणि बॉइलच्या नियमाप्रमाणे छातीतली साडेपाच लिटर हवा तिथे सव्वाचार लिटरच्या आसपास उरते. आकार कमी झाला, म्हणून वर ढकलणारी ताकदही कमी झाली, म्हणून तो आणखी वेगानं खाली जातो, खाली गेला की हवा आणखी दाबली जाते. वर असताना २ किलोनं जड असलेला माणूस ३ मीटरवर सव्वातीन किलोनं जड. घसरगुंडीच आहे ही, आणि ती आपोआप थांबत नाही. गावच्या नदीत चड्डीवर पोहणाऱ्या पोराला हा अनुभव कधी आलेलाच नसतो कारण त्याच्या कमरेला कधी लोखंड नव्हतं. म्हणून पडल्यावर पहिलं काम पट्टा सोडणं, आणि पट्टा एका हाताच्या झटक्यात सुटणाराच पाहिजे, सुतळीची गाठ मारलेला नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. गमबूट पाण्यानं भरले की माणसाला खाली ओढतात असं सगळे म्हणतात. पाण्यात पाण्याला वजन नसतं हो! बुटातलं पाणी बाहेरच्या पाण्याएवढंच, ते काही ओढत नाही. त्रास दोन वेगळे आहेत, बुटामुळे पाय नीट मारता येत नाहीत, आणि काठावर चढताना पाय पाण्याबाहेर आला की मग मात्र ते सगळं वजन लागतं. म्हणून काठाला शिडी नाहीतर लोंबता दोर आधीपासून बांधलेला हवा.

आता लाइफ जॅकेटचा हिशोब. श्वास सोडल्यावरची तूट दीड किलो, अवजारं साडेतीन, आणि डोकं पूर्ण पाण्याबाहेर ठेवायचं तर त्याचे साडेचार किलो, बेरीज साडेनऊ. जॅकेटवर ताकद न्यूटनमध्ये लिहिलेली असते, १० न्यूटन म्हणजे साधारण १ किलो. मग ५० न्यूटनवालं इथे कामाचंच नाही, ते काठाजवळ, मदत हाताशी असलेल्या पोहणाऱ्यांसाठी असतं. १०० वालं जेमतेम पुरतं. १५० पाहिजे, आणि अंगावर जड अवजारं असतील तर २७५ सुद्धा मिळतं. घेताना रंग नाही, हा आकडा बघा.

१५० का, तर फक्त तरंगवण्यासाठी नाही, पालथ्याला उताणं करण्यासाठी. मचाणावरून पडताना डोकं बल्लीवर आपटलं आणि शुद्ध गेली तर माणूस बहुतेक वेळा तोंड खाली करून तरंगतो, आणि तोंड खाली म्हणजे संपलं. चांगल्या जॅकेटमध्ये फोम जास्त करून छातीवर आणि मानेमागे असतो, पाठीवर नसतो, ते उगाच नाही. शरीराचं वजन जणू एका बिंदूतून खाली खेचतं, कमरेच्या आसपास, आणि तरंगवणारी ताकद दुसऱ्या बिंदूतून वर ढकलते. हे दोन बिंदू एकाखाली एक नसले की शरीराला पीळ बसतो आणि वर ढकलणारा बिंदू बरोबर वर येईपर्यंत ते फिरत राहतं. फोम छातीवर असला की फिरून छाती वर, तोंड वर, हनुवटी पाण्याबाहेर. पण जॅकेट ढिलं असलं, मांड्यांमधून जाणारा पट्टा लावला नाही, तर ते सरकून कानापर्यंत येतं, बिंदू बदलतो, आणि सगळा पीळ वाया. बकल न लावता नुसतं खांद्यावर अडकवलेलं जॅकेट म्हणजे फक्त साहेब आले की दाखवायचं.

आणि बुडणारा ओरडेल, हात हलवेल, तेव्हा बघू, असंही कोणी धरून चालू नका. फ्रँक पिया नावाच्या अमेरिकन जीवरक्षकानं वर्षानुवर्षं बुडणाऱ्या माणसांचं निरीक्षण करून सांगितलं की ओरडायला आधी श्वास लागतो आणि तोच मिळत नसतो, हात आपोआप दोन्ही बाजूंना पाणी दाबत राहतात, आणि हे चालतं २० ते ६० सेकंद. मिक्सर चालू असताना शेजारच्यालाही कळणार नाही. म्हणून पाण्याकडे बघणारा एक माणूस, ज्याला दुसरं काहीच काम नाही असा, आणि हाताशी दोर बांधलेली रिंग. उडी मारायची नाही, रिंग फेका, नाहीतर बल्ली पुढे करा. पाण्याकाठी काम करणाऱ्याला बुडण्यापासून वाचवायची सोय द्यायची हे १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याखालच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांतच होतं, म्हणजे कल्पना काही नवीन नाही.

"तलाव दरवर्षी बळी घेतो" हे वाक्य मला फार खुपतं. कामाच्या आधी नारळ फोडा, श्रद्धा आहे, पण तलाव कोणाला घेत नाही, ३ मीटरवर दाबली गेलेली हवा घेते, आणि एकदा बळी म्हटलं की ठेकेदाराला कोणी काही विचारत नाही. तसाच तो व्हॉट्सॲपवरचा मेसेज, बुडालेल्याला मिठात पुरून ठेवा म्हणजे मीठ पाणी शोषून घेतं आणि जीव परत येतो. साफ खोटं आहे. हा मेसेज फिरवू नका, त्यात फक्त वेळ जातो. उलटं टांगणं, पोट दाबणं तेही नको, त्यानं उलटी होऊन ती श्वासनळीत जाते.

अडचण पाण्याची नसते, ऑक्सिजनची असते. बाहेर काढला, श्वास चालू नाही, तर मान मागे, हनुवटी वर, नाक दाबून आधी तोंडानं २ ते ५ श्वास, मग छातीच्या मध्यभागी ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगानं ३० दाब, पुन्हा २ श्वास, आणि हे चालूच ठेवायचं, दरम्यान दुसऱ्यानं १०८ लावायचा. उठून बसला, चहा मागितला, तरी साईटवर ठेवू नका, कारण फुफ्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो. मेडिकल नाहीतर मेयो, नागपुरातल्या या दोन सरकारी दवाखान्यांपैकी जे जवळ असेल तिथे न्या.