सिस्टर, गोळी तुम्हीच लिहून द्या!

जेंटामायसिन या प्रतिजैविकाच्या दोन व्हायल टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. लांबून त्या सारख्याच दिसतात. दोन्ही काचेच्या, दोन्हींत दोन मिलिलिटर, पाण्यासारखं औषध. फरक लेबलवरच्या बारीक अक्षरांत आहे. एका व्हायलमध्ये 80 मिलिग्रॅम औषध आहे आणि दुसरीत 20, कारण दुसरी लहान मुलांसाठी आहे.

आता अडीच किलोचं नवजात बाळ समोर आहे आणि किलोमागे 5 मिलिग्रॅम द्यायचे आहेत असं धरू. म्हणजे साडेबारा मिलिग्रॅम. लहान व्हायलमधून सव्वा मिलिलिटर काढायचं, मोठीतून जेमतेम 0.31 मिलिलिटर. हाताला सव्वा मिलिलिटरची सवय झाली आहे आणि त्या दिवशी कपाटात फक्त मोठी व्हायल शिल्लक आहे, तर बाळाच्या अंगात 50 मिलिग्रॅम जाणार. नेमकं चौपट. हे औषध गरजेपेक्षा जास्त आणि दिवसामागून दिवस जात राहिलं, तर मूत्रपिंडाला इजा होते, कानाच्या आतल्या केसपेशी मरतात. माणसात त्या पेशी परत उगवत नाहीत. आणि बाळ काही सांगू शकत नाही. त्याला ऐकू येत नाही हे घरच्यांच्या ध्यानात येईपर्यंत वर्ष-दीड वर्ष सहज निघून जातं.

पण दुसरी बाजू तितकीच खरी आहे. रक्तात जंतुसंसर्ग झालेलं नवजात बाळ वेळेवर प्रतिजैविक मिळालं नाही, तर काही तासांत हातचं जातं. डॉक्टर तालुक्याला आणि नर्स गावात, अशी परिस्थिती असेल तर औषध ठरवण्याचा अधिकार नर्सला द्यावा की नाही? माझं उत्तर स्पष्ट ‘हो’ असं आहे. मात्र तिच्या हातात पेन देण्याआधी तिला काय शिकवलं आणि पेन दिल्यावर तिच्या पाठीशी कोण उभं राहिलं, यावर सगळं अवलंबून आहे.

हा प्रयोग टप्प्याटप्प्याने आणि शिस्तीने केला तो ब्रिटनने. तिथे सुरुवात झाली ती जखमेच्या पट्टीवरून. ‘डिस्ट्रिक्ट नर्स’ म्हणजे घरोघरी जाऊन म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसांची शुश्रूषा करणारी नर्स. पायावरची जुनी, चिघळलेली जखम ती आठवड्यातून दोन-तीनदा उघडून बघते. जखम ओली आहे की कोरडी, कडा भरत आहेत की नाहीत, कोणती पट्टी चालेल, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तरी ती पट्टी मिळवायची तर डॉक्टरच्या दवाखान्यात जायचं, चिठ्ठी लिहून ठेवायची, सहीची वाट पाहायची. डॉक्टर ती जखम न बघताच सही करत. 1986 साली ज्युलिया कंबरलेज यांच्या समितीने यावर बोट ठेवलं आणि शिफारस केली, की या नर्सना मर्यादित यादीतली औषधं स्वतः लिहू द्या.

पुढचा प्रवास सावकाश झाला आणि ते बरंच झालं. 1989 मध्ये डॉ. जून क्राउन यांच्या समितीचा अहवाल, 1992 मध्ये कायदा आणि 1994 मध्ये इंग्लंडमधल्या फक्त 8 ठिकाणी प्रायोगिक सुरुवात. पहिल्या यादीत पट्ट्या, बद्धकोष्ठावरची औषधं, कॅथेटरचं साहित्य, उवांवरचं औषध, पॅरासिटामॉल असलं साधंसुधं सामान होतं. 2002 मध्ये यादी वाढली. 2006 मध्ये जादा शिक्षण घेतलेल्या नर्सना आपल्या कौशल्याच्या कक्षेतली जवळपास सगळी औषधं लिहिण्याची मुभा मिळाली आणि 2012 मध्ये मॉर्फिनसारखी नियंत्रित औषधंसुद्धा. पट्टीपासून मॉर्फिनपर्यंत यायला 26 वर्षं लागली.

या जादा शिक्षणात काय असतं? 2006 च्या मानकांनुसार किमान 26 दिवसांचं वर्गशिक्षण आणि वर 12 दिवस प्रत्यक्ष रुग्णांसमोर, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली. तेव्हा ही देखरेख डॉक्टरच करत. आता औषध लिहिण्यात मुरलेली नर्स किंवा फार्मासिस्टही करू शकतो. शेवटी दोन लेखी परीक्षा. औषधशास्त्रात 80 टक्के मिळाले की पास, पण डोसच्या गणितात 100 टक्केच हवेत. एक उदाहरण चुकलं तरी नापास. मला हा नियम फार पटतो. दशांशचिन्ह एक घर सरकलं तर डोस दसपट होतो आणि दसपट डोसला शंभरापैकी नव्व्याण्णव गुण देऊन कोणाचंच भलं होत नाही.

गणितापेक्षा अवघड भाग विचारपूस करण्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 1994 साली औषध लिहिण्याची सहा पायऱ्यांची रीत मांडली, ती आजही शिकवली जाते. रुग्णाचा त्रास नेमका काय ते ठरवा. उपचारातून काय साधायचं आहे ते ठरवा. आपण निवडलेला उपचार याच रुग्णाला चालेल का ते तपासा. मग लिहा. रुग्णाला समजेल असं समजावून सांगा. आणि नंतर परत बघा, गरज संपली असेल तर बंद करा. यात प्रत्यक्ष लिहिणं चौथ्या पायरीवर येतं, हे मुद्दाम लक्षात घ्या. त्याच मार्गदर्शनात आणखी एक शहाणपण आहे. बाजारातली हजारो औषधं पाठ करू नका, रोजच्या आजारांसाठी मोजकी औषधं निवडा आणि ती आतून-बाहेरून ओळखा. नर्सच्या मर्यादित यादीमागेही हेच तत्त्व आहे.

तिसरी पायरी कशी असते ते आपल्याच घरात बसून बघता येईल. समजा, सत्तरीच्या आजी आहेत. बीपी आहे. औषधं कॅरीबॅगमध्ये गाठ मारून ठेवलेली आहेत. सिस्टर पिशवी कॉटवर उपडी करते. एका पट्टीवर टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे बीपी उतरवणारं एक आणि लघवी वाढवणारं एक, दोन्ही एकाच गोळीत. बाकी कॅल्शियम, पित्ताची गोळी.

“आजी, अजून काही घेता का?”

“नाही गं बाई, एवढंच.”

“गुडघे दुखत नाहीत का?”

“दुखतात की. मग मेडिकलमधून आणते दुखण्याची गोळी. ते काय औषध नव्हे, ती आपली अशीच.”

‘ती आपली अशीच’ म्हटलेली गोळी बहुतेक वेळा डायक्लोफिनॅक किंवा ॲसिक्लोफिनॅकची निघते आणि धोका तिथेच असतो. मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या लाखो बारीक गाळण्या असतात. प्रत्येक गाळणीत एका नळीने रक्त येतं, दुसरीने बाहेर जातं आणि आत ठरावीक दाब असेल तरच गाळण्याचं काम चालतं. वेदनाशामक गोळी येणारी नळी आक्रसवते, कारण ती नळी उघडी ठेवणारी प्रोस्टाग्लँडिन्स नावाची रसायनं ही गोळी बनू देत नाही. टेल्मिसार्टन जाणारी नळी सैल करतं. लघवीचं औषध अंगातलं पाणी कमी करतं. आत येणारं रक्त कमी, बाहेर जायला वाट मोकळी आणि मुळात पाणीच कमी, अशा तिन्ही बाजूंनी गाळणीतला दाब पडतो. एरवी ठणठणीत आजी असेल तर निभावून जाईलही. पण त्यातच जुलाब लागले, उन्हात फिरणं झालं, पाणी कमी पडलं, तर मूत्रपिंड अचानक काम थांबवू शकतं. या तीन औषधांतलं एकही वाईट नाही. तिन्हींची गाठ पडणं वाईट.

पिशवी उपडी करणं आणि गुडघ्यांबद्दल विचारणं एका व्याख्यानात शिकता येत नाही. ते दहा रुग्णांसमोर, शेजारी अनुभवी माणूस बसलेला असताना, चुकत चुकत अंगवळणी पडतं. म्हणून तर ते 12 दिवस. आणि विचारून झाल्यावर सिस्टरने नवीन काहीच लिहून दिलं नाही, उलट दुखण्याची गोळी बंद करून पॅरासिटामॉल आणि गुडघ्याचे व्यायाम सांगितले, तर तेही औषध लिहिण्याच्या परीक्षेत उत्तीर्ण होणंच आहे. इंजेक्शनाशिवाय बरं वाटत नाही अशी सवय असलेल्या गावात सर्दीला प्रतिजैविक न देणं किती कठीण असतं, हे उपकेंद्रावरच्या कुठल्याही नर्सबाईला विचारा.

नर्सने औषध लिहिलं तर रुग्णाचं नुकसान होतं का? 2016 मध्ये कोक्रेन या संस्थेने 46 अभ्यास एकत्र तपासले. त्यांत 37 हजारांहून जास्त रुग्ण होते. प्रशिक्षित नर्स आणि फार्मासिस्ट यांनी औषधं लिहिली तेव्हा रक्तदाब, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल यांवरचं नियंत्रण डॉक्टरांच्या बरोबरीचं आढळलं. हे बहुतेक दीर्घकाळ चालणारे आजार होते आणि नर्सना बऱ्याच ठिकाणी ठरलेली उपचारपद्धती व डॉक्टरांचा आधार होता, हेही त्यासोबत सांगायला हवं. डॉक्टर चुकत नाहीत असंही नाही. इंग्लंडमधल्या जनरल प्रॅक्टिसमधल्या चिठ्ठ्यांची तपासणी 2012 मध्ये प्रसिद्ध झाली. लिहिलेल्या दर 20 औषधांमागे एकात काही ना काही चूक होती आणि दर 550 मागे एकात गंभीर. पेन कोणाच्याही हातात असलं तरी चूक पकडणारी दुसरी नजर लागतेच.

आपल्याकडे या विषयात बोलायला संकोच करण्याचं कारण नाही, कारण जगाला दाखवावं असं काम महाराष्ट्रातच झालं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 39 गावांत, गावातल्याच थोडंफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. त्या नर्सही नव्हत्या. रडणं क्षीण होणं, दूध ओढणं कमी होणं, अंग लुळं पडणं अशा ठरलेल्या खुणा शोधायच्या, त्या एकत्र दिसल्या तर जंतुसंसर्ग धरायचा. आधी दवाखान्यात चला म्हणायचं आणि घरचे तयार नसतील तर त्यांच्या संमतीने जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं. हो, तेच औषध, ज्याचा हिशेब आपण सुरुवातीला केला. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आले. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी दगावणाऱ्यांचं प्रमाण 16.6 टक्क्यांवरून 2.8 टक्क्यांवर आलं होतं. इतर गावांच्या तुलनेत नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला होता. निरक्षर आईच्या झोपडीत बसून हे झालं. मला हे आकडे दर वेळी वाचताना गलबलून येतं.

त्या कामाचा बारकाईने विचार केला तर इंग्लंडच्याच रीतीची हाडं त्यात दिसतात. औषध एक-दोन. खुणा ठरलेल्या, मोजता येणाऱ्या. प्रत्येक बाळाची लेखी नोंद. आणि ती नोंद, ते काम पुन्हा पुन्हा येऊन तपासणारं माणूस.

2014 मध्ये केंद्र सरकारने एएनएमना, म्हणजे आपल्या उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकांना, ठराविक परिस्थितीत लहान बाळांना जेंटामायसिन देण्याची परवानगी दिली: दवाखान्यात पाठवण्याआधीचा पहिला डोस आणि बाळाला नेणं शक्यच नसेल किंवा घरचे नेत नसतील तर पुढचे डोस. 2018 पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी येऊ लागले. ते बहुतेक नर्सिंग किंवा आयुर्वेदाचे पदवीधर असतात आणि त्यांना सहा महिन्यांचा जोडअभ्यासक्रम असतो. बीपीचं किंवा मधुमेहाचं औषध डॉक्टरांनी सुरू करायचं आणि पुढे महिन्याच्या महिन्याला गावातच हे अधिकारी तपासून देणार, अशी रचना आहे. साताऱ्यात, सिंधुदुर्गात, भंडाऱ्यात आणि वर्ध्यात राष्ट्रीय उच्च रक्तदाब उपक्रमात हीच पद्धत आधी वापरली गेली: ठरलेली औषधं, ठरलेल्या पायऱ्या आणि गोळ्या घराजवळ.

माझी काळजी सहा महिन्यांबद्दल नाही. सहा महिन्यांत पुष्कळ शिकवता येतं. काळजी आहे ती सातव्या महिन्याची. जे इंजेक्शन वर्षातून एकदा द्यावं लागतं, त्याचा हिशेब वर्षभर हाताखालून गेला नाही तर विसरणारच, मग शिक्षण कितीही चांगलं असो. प्राथमिक आरोग्य केंद्रात महिन्याच्या बैठका होतात. बराचसा वेळ रजिस्टरं आणि आकड्यांत जातो. त्यातली वीस मिनिटं काढून टेबलावर दोन्ही व्हायल ठेवाव्यात, प्रत्येकीच्या हातात सिरिंज द्यावी, वेगवेगळ्या वजनांची बाळं सांगावीत आणि पाण्याने डोस भरून दाखवायला लावावा. 0.31 मिलिलिटरची रेघ एकदा डोळ्यांनी बघितली की कागदावरच्या दहा तक्त्यांपेक्षा जास्त लक्षात राहते. शेजारणीने भरलेला डोस दुसरीने तपासावा, मोठ्याने वाचून.

आणि एक फोन नंबर. रात्री अकराला बाळ निळं पडत आहे आणि सिस्टरला शंका आहे की खुणा जंतुसंसर्गाच्याच आहेत की नाहीत, तेव्हा पलीकडून फोन उचलणारा डॉक्टर कोण, त्याचं नाव उपकेंद्राच्या भिंतीवर लिहिलेलं हवं. त्याला त्या रात्रीची ड्यूटी म्हणून पगार मिळायला हवा आणि ज्या उपकेंद्रात रेंज येत नाही तिथे वायरलेस बसवायला हवा.