करड्या छटेचे पात्र आणि मुंबईतील प्रेक्षकवाद

करड्या छटेचे पात्र : (बोलण्यात ‘ग्रे शेडचं कॅरेक्टर’). ज्याला नायक म्हणून डोक्यावर घेता येत नाही आणि खलनायक म्हणून मोडीतही काढता येत नाही, अशा पात्राच्या कृत्यांचा न्यायनिवाडा प्रेक्षकांनी आपसांत करणे, ही कल्पनारम्य मालिकांभोवती रुजलेली प्रथा. मुंबईतील मराठी प्रेक्षकांत हा वाद लोकलच्या डब्यात, माटुंग्याच्या रुईया नाक्यावर, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत आणि बऱ्याचदा घरातच रंगतो. पडद्यावर ड्रॅगन, सिंहासने आणि बर्फातून चालत येणारी प्रेते असतात. निवाड्याची मापे मात्र रोजच्या व्यवहारातली असतात : दिलेला शब्द, खाल्लेले मीठ, रक्ताचे नाते, सूड आणि माफी.

या वादाला शहरात व्यापक रूप आले ते ‘गेम ऑफ थ्रोन्स’ (२०११–१९, ८ सीझन, ७३ भाग) या अमेरिकी मालिकेमुळे. तिच्यातील जेमी लॅनिस्टर हे पात्र या प्रकारच्या वादाचा सर्वांत भरीव नमुना आहे, म्हणून ही नोंद मुख्यतः त्याच्याभोवती आहे.

शेवटच्या सीझनचे भाग अमेरिकेत रविवारी रात्री लागत आणि त्याच क्षणी भारतात सोमवारी सकाळी साडेसहाला हॉटस्टारवर दिसत. मुंबईकराच्या दृष्टीने ही अडनिडी वेळ. कामावर निघायच्या आधी भाग उरकणारे, गाडीत कानात इअरफोन घालून बघणारे आणि रात्रीपर्यंत ‘स्पॉयलर देऊ नका रे’ म्हणून विनवण्या करणारे अशी सरळ विभागणी होई. त्यामुळे भाग बघण्याइतकेच त्यावर कधी आणि कोणासमोर बोलायचे, यालाही महत्त्व आले.

जेमीवरचे आरोपपत्र पहिल्याच भागात तयार होते. जुळी बहीण सर्सी हिच्याशी असलेले त्याचे संबंध ब्रॅन नावाचा दहा वर्षांचा मुलगा चुकून पाहतो, आणि जेमी त्याला मनोऱ्याच्या खिडकीतून खाली ढकलतो. मुलगा जगतो, पण पुन्हा कधी चालत नाही. त्याआधीपासून सारे राज्य जेमीला ‘राजघातकी’ म्हणूनच ओळखते, कारण ज्या राजाचे रक्षण करण्याची शपथ घेतली त्याच्याच पाठीत त्याने तलवार खुपसलेली असते. दुसऱ्या सीझनमध्ये कैदेतून निसटण्यासाठी तो आपल्याच एका नातेवाईक पोराचा जीव घेतो. इथपर्यंत पाहणाऱ्याच्या लेखी याचे शंभर अपराध केव्हाच भरलेले असतात.

मग २०१३ मधल्या तिसऱ्या सीझनचा पाचवा भाग येतो. उजवा हात तुटलेला, तापाने फणफणलेला जेमी हॅरनहॉलच्या हमामखान्यात गरम पाण्याच्या हौदात उतरतो. समोर ब्रिएन आहे. तीही शपथेला जिवापाड जपणारी योद्धा आणि त्याला मनापासून तुच्छ लेखणारी. तिथे वाफेत उभा राहून तो पहिल्यांदाच सांगतो, की वेड्या राजा एरिसने नगरभर वाइल्डफायर नावाचे ज्वालाग्राही द्रव्य पुरून ठेवले होते. शहर पडते असे दिसताच त्याने जेमीला स्वतःच्या बापाचे मुंडके आणायला सांगितले आणि साऱ्या नगरीला आग लावण्याचा हुकूम सोडला. जेमीने आधी तो हुकूम बजावणाऱ्याला मारले, मग राजाला. पाच लाख माणसे वाचली आणि वाचवणाऱ्याच्या कपाळी ‘राजघातकी’ हा शिक्का बसला. हे आजवर कोणाला का सांगितले नाहीस, असे ब्रिएन विचारते. पहिल्या नजरेतच मला दोषी ठरवणाऱ्यांना काय सांगणार, असा त्याच्या उत्तराचा आशय आहे. एवढे बोलून तो कोसळतो, आणि मदतीसाठी हाका मारताना ती त्याला ‘राजघातकी’ म्हणते तेव्हा तो पुटपुटतो, की माझे नाव जेमी आहे.

या एका प्रसंगाने प्रेक्षक फुटला. या वादात खरी निर्णायक गोष्ट आहे ती कृत्य आणि कारण आपल्याला कोणत्या क्रमाने कळतात ही. राजाची हत्या आपण आधी ऐकली आणि कारण अडीच सीझननंतर. मुलाला ढकलणे मात्र डोळ्यांनी पाहिले आणि त्याचे कारण त्याच क्षणी कळले. मालिकेचा आधार असलेल्या जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबऱ्यांतही हाच डाव आहे. पहिला खंड १९९६ चा. त्यात आणि दुसऱ्यात जेमी बाहेरूनच दिसतो, आणि २००० सालच्या तिसऱ्या खंडात पहिल्यांदा प्रकरणे त्याच्या नजरेतून येतात. ज्याच्या डोळ्यांनी आपण जग पाहू लागतो त्याच्याविषयी मन मऊ होते. चित्रपट-अभ्यासक मरे स्मिथ यांनी १९९५ मध्ये या प्रक्रियेचे तीन टप्पे सांगितले : पात्राची ओळख पटणे, त्याच्यासोबत चालणे आणि त्याची बाजू घेणे. सोबत चालणारा प्रत्येक जण बाजू घेईलच असे नाही, हा त्यांचा मुद्दा जेमीच्या बाबतीत फार नेमका लागू पडतो. कट्ट्यावर ‘मला जेमी कळतो, पण पटत नाही’ असे म्हणणारा प्रेक्षक दुसऱ्या पायरीवर थांबलेला असतो, आणि त्याचे थांबणे प्रामाणिक असते.

मराठी प्रेक्षकाला हा खटला नवा नव्हता, कारण कर्णाचा खटला तो पिढ्यान्‌पिढ्या चालवत आला आहे. कर्णाची बाजू मांडणारे जन्मतः झालेला त्याग, सूतपुत्र म्हणून झालेली हेटाळणी आणि कवचकुंडलांचे दान पुढे करतात. विरोधक द्यूतसभेत द्रौपदीला उद्देशून काढलेले शब्द आणि एकट्या अभिमन्यूला घेरून मारणे यांवर बोट ठेवतात. रथाचे चाक रुतल्यावर कर्ण धर्माची आठवण करून देतो, तेव्हा कृष्ण एकेक कृत्य मोजून दाखवतो. त्या प्रसंगावरची मोरोपंतांची ‘तेव्हा गेला होता कोठे राधासुता तुझा धर्म’ ही ओळ मराठीत म्हणीसारखी रुळली आहे आणि जेमीच्या वादातही तीच कानावर पडते : आज प्रामाणिकपणाच्या गोष्टी करतोस, खिडकीपाशी काय झाले होते? शिक्षण संपल्यावर कविता विसरलेली माणसेही ही ओळ अचूक जागी वापरतात, याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

ही तालीम अनेक अंगांनी झालेली आहे. कीर्तनाच्या आख्यानांत कर्ण आहे, गणेशोत्सवातल्या व्याख्यानांत आहे, आणि पुराणातल्या किंवा इतिहासातल्या व्यक्तीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून दोन्ही बाजूंनी वकिली करणाऱ्या ‘अभिरूप न्यायालया’तही आहे. २ ऑक्टोबर १९८८ पासून दूरदर्शनवर दर रविवारी सकाळी ‘महाभारत’ लागू लागले तेव्हा ज्या घरी टीव्ही तिथे शेजारपाजारही बसत असे, आणि भाग संपल्यावर चाळीच्या गॅलरीत बाजू पडत. २०२० च्या टाळेबंदीत २८ मार्चपासून तीच मालिका पुन्हा दाखवली गेली. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ संपून जेमतेम दहा महिने झाले होते, आणि घरात अडकलेल्या दोन पिढ्यांकडे वादासाठी एकेक राजघराणे तयार होते.

कर्णाच्या वादातली एक खोच इथे उपयोगी आहे. स्वयंवरात द्रौपदीने ‘मी सूताला वरणार नाही’ म्हणून कर्णाला झिडकारले, या प्रसंगावर त्याच्या बचावाची मोठी मदार असते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत तो प्रसंग नाही. म्हणजे कोणता पाठ हातात आहे यावर आरोपीची शिक्षा हलते. जेमीच्या बाबतीत कादंबरी वाचलेले आणि केवळ मालिका पाहिलेले यांचे न जुळणे याच जातीचे आहे. दोघे एकाच नावाच्या दोन वेगळ्या माणसांविषयी बोलत असतात.

वाद प्रत्यक्षात कसा चालतो? बचावाचा पहिला मुद्दा बहुधा परिस्थितीचा : बाप टायविनसारखा, बहीण सर्सीसारखी, मग पोर कसे निघणार. दुसरा भरपाईचा : हात गेला, मान गेला, ब्रिएनला वाचवले, आणखी किती भोगायचे? सरकारी पक्ष म्हणावा असे लोक या दोन्हींना ‘वकिली’ म्हणून उडवून लावतात. पुष्कळदा वाद इथेच गोल फिरत राहतो. त्याला पुढे नेणारा प्रश्न विचारणारे थोडे असतात, आणि तो प्रश्न असा, की ब्रॅनचे काय? ज्याच्यावर अन्याय झाला तो बाजूला पडून अन्याय करणाऱ्याच्या मनाची मशागत हाच चर्चेचा विषय होतो, ही या प्रथेतली खरी उणीव आहे. ती दाखवून देणाऱ्याला ‘तू फार सीरियस होतोस’ असे ऐकावे लागते. वास्तविक तोच माणूस वादाला अर्थ देत असतो. आठव्या सीझनच्या दुसऱ्या भागात मालिकेनेही हा प्रश्न हाताळला. जेमीचा भर दरबारात निवाडा होतो, तिथे ब्रॅन खिडकीचा उच्चार करत नाही. नंतर जेमी एकांतात त्याची क्षमा मागतो. ब्रॅन रागावत नाही, पण तोंडाने क्षमा केली असेही म्हणत नाही. पीडिताचे गप्प राहणे ही माफी मानायची का, यावर झालेल्या चर्चा या विषयातल्या सर्वांत कसदार म्हणाव्या लागतील. महाभारतातला कर्ण युद्धाआधी कृष्णापाशी कबूल करतो, की दुर्योधनाला खूश करण्यासाठी पांडवांना कटू बोललो याचा मला ताप होतो. पण त्या कबुलीत पांडवांचे नाव आहे, द्रौपदीचे नाही. आणि ती पांडवांसमोर दिलेलीही नाही.

एप्रिल २०१४ मध्ये एका भागाने वादाची भाषा बदलली. मुलाच्या शवापाशी बसलेल्या सर्सीवर, ती नको म्हणत असताना, जेमी बळजबरी करतो असे त्यात दिसले. शेवटी तिची संमती होती, असे दिग्दर्शकाचे म्हणणे पडले. पडद्यावर ती संमती दिसत नव्हती. कादंबरीतला प्रसंग वेगळा आहे. निर्मात्याचा हेतू मोठा की प्रेक्षकाने जे पाहिले ते मोठे, असा हा पेच होता, आणि ‘जेमी सुधारतोय’ म्हणणाऱ्या कित्येकांना इथे गप्प बसावे लागले. ते योग्यच झाले. सुधारणेच्या कथेत बसत नाही म्हणून एखादा प्रसंग हिशेबातून वगळणे हा त्या प्रसंगातल्या बाईवर दुसऱ्यांदा केलेला अन्याय आहे.

शेवटाविषयीचा असंतोष जगभर होता. मुंबईत तो ‘माती केली’ या दोन शब्दांत मावला. १३ मे २०१९ च्या सकाळी दिसलेल्या पाचव्या भागात डेनेरिस ही राणी, शरणागतीच्या घंटा वाजल्यानंतरही, ड्रॅगनच्या आगीने नगर जाळते. त्याच भागात जेमी सर्सीकडे परत जातो आणि कोसळत्या राजवाड्याखाली तिच्यासह मरतो. डेनेरिसवर तावातावाने बोलले गेले आणि ते स्वाभाविक होते. पण जेमीच्या बाबतीत झालेला घाव अधिक खोल आहे. मरणाआधी भावाशी बोलताना तो म्हणतो, की त्या नगरातल्या निरपराध माणसांची मला कधी फारशी पर्वा नव्हती. हमामखान्यातली कबुली ज्यांनी जपून ठेवली होती त्यांच्या पायाखालची जमीनच या वाक्याने काढून घेतली. त्यावर दोन मते पडली. एक, लेखकांना स्वतःचेच पात्र आठवले नाही. दुसरे, कडेलोटावर उभा असलेला माणूस मनाला निबर करण्यासाठी असे खोटे बोलतो. दुसरे मत अधिक पटते, कारण आदल्याच भागात ब्रिएनचा निरोप घेताना तो स्वतःविषयी याच सुरात, स्वतःचा तिरस्कार करत बोललेला असतो. तरीही पहिल्या मतातला राग खोटा नाही.

दुर्योधनाला न सोडणाऱ्या कर्णावर वाढलेल्या प्रेक्षकाला जेमीचे परतणे तितके परके वाटायला नको. आपण थोरला पांडव आहोत हे कळल्यावरही कर्ण जागचा हलला नाही, आणि त्या न हलण्यालाच आपण मोठेपण देत आलो. जेमीला ते मोठेपण नाकारायचे असेल तर कर्णाला का द्यायचे, याचे उत्तर द्यावे लागते. कर्ण मित्राच्या उपकाराला जागतो, जेमी व्यसनाकडे परततो, असे एक उत्तर दिले जाते. त्यात तथ्य आहे. द्यूतसभेतले शब्दही त्याच मैत्रीपोटी निघाले होते, हे त्यात राहून जाते.

अंतिम भागात ब्रिएन अंगरक्षकदलाच्या नोंदवहीत जेमीचे अर्धे राहिलेले पान पूर्ण करते. कैद, तुटलेला हात, लढाया, उत्तरेकडे एकट्याने केलेली दौड आणि शेवटी राणीचे रक्षण करताना आलेला मृत्यू, असे ती लिहिते. मनोऱ्यावरून पडलेला मुलगा तिने लिहिलेल्या मजकुरात नाही. प्रेमाने लिहिलेल्या नोंदीत काय गळते हे तिथे स्वच्छ दिसते, आणि ब्रिएनवर प्रेम करणाऱ्या प्रेक्षकानेही ते पाहिले पाहिजे.

ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ या पूर्वकथेने वादाला ‘काळे’ आणि ‘हिरवे’ असे दोन पक्ष आयते दिले. राजगादीवर रेनिराचा हक्क की तिच्या सावत्रभावाचा, असा तो भाऊबंदकीचा तंटा आहे. पक्ष ठरलेला असला की पात्राला तपासण्याची गरज उरत नाही, त्यामुळे ही चर्चा चढ्या आवाजाची असूनही उथळ राहिली.

जेमीचा खटला मात्र कादंबरीपुरता अजून उभा आहे. २००५ च्या चौथ्या खंडात सर्सीचे ‘ताबडतोब ये, मला वाचव’ असे पत्र येते आणि जेमी ते आगीत टाकायला सांगतो. २०११ च्या पाचव्या खंडात तो ब्रिएनबरोबर निघून जातो, तिथे त्याचा माग थांबतो. योजलेले पुढचे दोन खंड प्रसिद्ध झालेले नाहीत.